दोन बाजीराव आणि आमचे पिठ्ठू

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की येणाऱ्या शनिवारी मैदानालगतच्या खोलीत ट्रेकची बैठक बसायची. इंदूरच्या आमच्या मराठी शाळेत वर्षभर कार्यक्रमांना काही तोटा नव्हता. गणपती, शारदोत्सव, स्नेहसंमेलन, सामने सगळं रीतसर व्हायचं. पण स्काउट पथकातल्या पोरांना विचाराल तर सण एकच, डिसेंबरातला ट्रेक. आणि त्यातही निम्म्याहून जास्त मजा या बैठकीतच उरकलेली असायची, असं माझं मत आहे. ती एका शनिवारात कधी आटोपत नसे. शेवटच्या बैठकीला तर जुने स्काउटही हजर व्हायचे, कुणी होळकर कॉलेजात गेलेला, कुणी बँकेत चिकटलेला. आमंत्रण कुणालाच नसायचं. पण येताना ते कचोऱ्यांचा पुडा आणत, त्यामुळे "या भिया, बसा" असंच स्वागत व्हायचं. बसले की आमच्या प्रत्येक ठरावावर त्यांचं "आमच्या वेळी" सुरू.

सर भिंतीवर नकाशा टांगायचे. इंचाला एक मैल प्रमाणाचा, घड्यांवर फाटलेला आणि मागून कापड लावून सावरलेला. त्यावरच्या तपकिरी समोच्च रेषा इंदूरपासून महूपर्यंत विरळ, निवांत पसरलेल्या असत आणि महूच्या दक्षिणेला एकदम दाटीवाटीने एकमेकींना चिकटत. तिथे माळव्याचं पठार संपतं आणि विंध्याचा कडा निमाडात उतरतो. "सह्याद्रीतले लोक ट्रेकला चढतात, आपण उतरतो," असं सर म्हणायचे. खरंच होतं ते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, आणि नर्मदा खूप खाली. त्यामुळे आमचा ट्रेक थंडीत सुरू व्हायचा आणि उबेत संपायचा, आणि स्वेटर किती न्यायचे यावर दरवर्षी वाद व्हायचा.

अंतर मोजायला शिवणाचा दोरा. वाटेच्या वळणावळणाने तो नकाशावर ठेवायचा, मग पट्टीवर ताणायचा. दोऱ्याने काढलेलं अंतर नेहमी खऱ्यापेक्षा कमी भरतं, म्हणून सर त्यात पावपट मिळवायला लावायचे. मग वेळेचं गणित. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा, हा हिशेब नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिला. तो फळ्यावर लिहून झाला की सर म्हणायचे, "त्याच्याबरोबर आठवीतली पोरं नव्हती." आणि पाचाचे तीन करायचे. त्या तीनमध्येसुद्धा थांबे धरलेले नसत. थांबे हा वेगळाच विषय होता आणि खरी भांडणं तिथेच व्हायची.

भांडण मुख्यतः दोन बाजीरावांचं. इंदूरला राहणाऱ्या मराठी माणसाला एक विचित्र सोय आहे. थोरले बाजीराव जिथे वारले ते नर्मदाकाठचं रावेरखेडी एका बाजूला, आणि दुसरे बाजीराव जिथे जन्मले तो धारचा किल्ला दुसऱ्या बाजूला, दोन्ही आमच्या टप्प्यात. पथकातल्या वाघ टोळीला रावेरखेडी हवं असायचं. मोर टोळीला धारमार्गे मांडू. वाघांचं म्हणणं, पालखेडचा विजेता सोडून पेशवाई बुडवणाऱ्याच्या पाळण्याला कशाला जायचं? मोर म्हणायचे की आनंदीबाईंना ज्या किल्ल्यात आसरा मिळाला तो बघण्यात काय वाईट आहे, आणि पुढे मांडूचा जहाज महाल आहेच. जुने स्काउट आपापल्या टोळीची बाजू धरून ओरडायचे. पंचवीस-तीस माणसं एका खोलीत, आणि दोन्ही बाजीरावांना त्या खोलीत जेवढं बोलणं खावं लागलं तेवढं शनिवारवाड्यातही लागलं नसेल. शेवटी हात वर करून मतदान. एकाआड एक वर्ष दोघांना द्यावं हा शहाणपणाचा तोडगा सरांनी कित्येकदा सुचवला, पण भांडण संपेल म्हणून तो कुणालाच नको होता.

मार्ग ठरला की ठिकाणं टोळ्यांमध्ये वाटली जायची. नियम कडक. ज्या टोळीचं ठिकाण तिने तिथे उभं राहून सांगायचं, वही न बघता, पाच मिनिटांत. तिथली पाटी वाचून दाखवली तर शून्य गुण. या नियमामुळे नोव्हेंबरात आम्ही वाचनालयात जेवढे बसलो तेवढे परीक्षेसाठीही बसलो नाही.

सामानाची तपासणी निघण्याच्या आदल्या दिवशी व्हायची. पिठ्ठू, म्हणजे पाठीवरच्या पिशव्या, बहुतेक मोठ्या भावाकडून आलेले, नाहीतर महूच्या बाजारात मिळणारे जुने फौजी. वजन शरीराच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त चालायचं नाही. शाळेत काटा नव्हता, म्हणून सगळे जवळच्या किराणा दुकानात. दुकानदार काका आधी पोराला तोलायचे, मग त्याच्या पिठ्ठूला, आणि दोन्ही आकडे मोठ्याने सांगायचे. पस्तीस किलोच्या मुलाकडे बारा किलोचा पिठ्ठू निघाला की सर तो सगळ्यांसमोर उघडायला लावत. आईने मोज्यात भरून दिलेले डिंकाचे लाडू, चकलीचा डबा, शाल, वर दुसरी शाल. लाडूंना माफी असायची, डब्याला नाही, चकल्या पिशवीत ओतायच्या. अंथरूण तळाशी, जड वस्तू पाठीला लागून आणि खांद्यांच्या जवळ, पाणी हाताशी, हे तेव्हा जे भरायला शिकलो ते आजही रेल्वेची बॅग भरताना हात आपोआप करतात.

पहाटेच्या मीटरगेज गाडीने निघायचो. विद्यार्थी सवलतीच्या फॉर्मवर मुख्याध्यापकांची सही, गळ्यात स्कार्फ, हातात काठ्या, आणि डब्यात आधीच बसलेल्या दूधवाल्यांची आमच्या काठ्यांवरून कुरकुर. या रेल्वेची गोष्ट गरुड टोळीकडे असायची. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी या मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांसाठी. राजाने इंग्रजांना कर्ज दिलं, हे ऐकून डब्यातला एक म्हातारा दरवर्षी नवा असला तरी दरवर्षी "सही है!" म्हणायचाच.

महूला उतरून पहिला थांबा छावणीतली काळी पलटण. १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब इथे जन्मले, वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. आजचं भव्य स्मारक तेव्हा नव्हतं, जागा साधी होती. कोकणातल्या आंबडव्याचं घराणं, आणि मूल जन्मतं माळव्यातल्या छावणीत. आमच्यातल्या बऱ्याच जणांचे आजोबा-पणजोबा नोकरीच्याच पायी इकडे आलेले, त्यामुळे हा भाग वेगळा समजावून सांगावा लागत नसे.

पातालपानीचा धबधबा डिसेंबरात दोरीएवढा उरलेला असतो. पावसाळ्यात बघा असं लोक सांगतात. बघावा, पण लांबून. तिथलं पाणी वरच्या पावसाने काही क्षणांत चढतं, आणि २०११ च्या जुलैत तिथे पर्यटक वाहून गेले ते साऱ्या इंदूरने टीव्हीवर पाहिलं. सर आम्हाला डिसेंबरातही पात्रात उतरू देत नसत. जवळच इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिलाचं स्थान आहे. टंट्यामामाला इंग्रजांनी ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी दिलं, आणि घाटातून जाणारी गाडी त्याच्या स्थानापाशी मान द्यायला क्षणभर थांबायची हे आम्ही स्वतः पाहिलेलं. ही गोष्ट सांगायची संधी मिळावी म्हणून टोळ्या चिठ्ठ्या टाकायच्या.

पुढे कालाकुंडपर्यंत उतरण. रेल्वे बोगद्यांतून आणि पुलांवरून उतरते, आम्ही रानातल्या पायवाटेने. रुळांवर पाय ठेवला तर पुढच्या वर्षी नाव कमी, ही सरांची एकमेव धमकी आणि ती सगळ्यांना खरी वाटायची. सागाची मोठी पानं वाळून पडलेली असत, त्यामुळे तीसेक पोरांच्या चालण्याचा आवाज पलटणीसारखा व्हायचा आणि माकडं आधीच वर पळायची. कालाकुंडला वर चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला दुसरं इंजिन लागायचं. ते जोडेपर्यंत गाडी थांबून राहायची, आणि तेवढ्यात फलाटावर पळसाच्या पानावरचं कलाकंद विकलं जायचं. आमचा संध्याकाळचा पहिला हिशेब कलाकंदावरच फुटायचा. खजिनदाराचं काम कुणी आनंदाने घेत नसे ते यामुळे.

रात्री बिनभांड्यांचा स्वयंपाक. स्काउटच्या परीक्षेत तो असतोच, पण माळव्या-निमाडात त्याची परीक्षा कसली? गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बाटी इथे घरोघर भाजली जाते. बाफले करायला आधी उकळतं पाणी लागतं, म्हणजे भांडं आलं, म्हणून बाफले बाद. पानिये मात्र चालायचे. मक्याचं पीठ मळून दोन पानांमध्ये थापायचं आणि गोवऱ्यांवर भाजायचं. पान जळून निघतं आणि त्याच्या शिरांचा ठसा भाकरीवर उठतो. डाळ मात्र गावातल्या कुणाकडून तरी पातेल्यात करून यायची, आणि हे नियमात बसतं का यावर शेकोटीपाशी जुने-नवे मिळून चर्चा चालायची. मला विचाराल तर बसत नव्हतं, पण डाळ फार चांगली असायची.

नर्मदेपाशी पोहोचलो की आमचा भाव उतरायचा. बडवाह-मोरटक्क्याच्या बाजूला परिक्रमावासी भेटत, कित्येक मराठी बोलणारे. नदी उजव्या हाताला ठेवून, ती कुठेही न ओलांडता चालणारी माणसं. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब, आणि यांना दोन्ही काठ चालायचे. जुन्या रीतीने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. एका आजींची झोळी सरांनी विचारून उचलून पाहिली. एक पातळ, एक कांबळं, लोटा, थोडा शिधा. सरांनी ती झोळी आमच्यातल्या सगळ्यात भरलेल्या पिठ्ठूवाल्याच्या हातात दिली. आजी म्हणाल्या, "अरे बाळा, मला लागेल ते मैया देते, तुला तुझी आई देते." आणि त्याच्याच पिठ्ठूतला लाडू मागून घेतला. "नर्मदे हर" म्हणत त्या गेल्या तेव्हा आम्ही अजून बुटांच्या नाड्या बांधत होतो.

सनावदहून बसने आणि मग चालत रावेरखेडी. शिंद्यांनी बांधलेली ती दगडी समाधी, भोवती भिंत, खाली नदी. २८ एप्रिल १७४०, वय अवघं एकोणचाळीस. वाघ टोळीचा नायक इथे पाच मिनिटांच्या जागी पंधरा घ्यायचा आणि कुणी घड्याळ दाखवत नसे. मुलांना मस्तानीबद्दल विचारायचं असायचं. कुणी विचारलंच तर सर थेट फौजेच्या वेगाकडे वळायचे. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत निजामाच्या तोफा मागे रखडल्या आणि हे घोड्यांवर पुढे निघून गेले, कारण सामान कमी. "किती वजन होतं रे तुझ्या पिठ्ठूचं?" हा प्रश्न त्यानंतर यायचाच, आणि मस्तानी राहून जायची.

मांडूच्या वर्षी चालणं कमी आणि मोजणं जास्त. काठी उभी करून तिच्या सावलीवरून होशंगशहाच्या मकबऱ्याची उंची काढायची, हातात हात धरून गोरखचिंचेच्या बुंध्याचा घेर. ते झाड मूळचं आफ्रिकेचं, पण त्याचं फळ मांडूची चिंच म्हणूनच विकलं जातं. रूपमतीच्या मंडपातून नर्मदा दिसते का यावर पैजा लागायच्या. धुकं असलं की मोर टोळीला दिसायची, वाघांना नाही.

परत आल्यावर २२ फेब्रुवारीला, बेडन-पॉवेलच्या वाढदिवशी, पालकांसमोर ट्रेकचा अहवाल वाचला जायचा. त्यात कलाकंदाचा खर्च "इतर" या सदरात असे.

आता ती गाडी नाही. महूहून ओंकारेश्वर रोडकडे जाणारी मीटरगेज २०२३ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. पातालपानी ते कालाकुंड मात्र डिसेंबर २०१८ पासून हेरिटेज गाडी सुरू झाली, आणि नातवंडांना घेऊन आमच्यातले बरेच जण तीत बसून आले. पथकाची बैठक अजून होते. परवा आम्ही म्हातारे वाघ आणि मोर जाऊन बसलो आणि नेहमीचं भांडण काढलं. आता पथकाबरोबर गाइड मुलीही असतात. त्यांच्यातली एक नववीतली उभी राहिली आणि म्हणाली, "काका, दोन्ही बाजीराव झाले असतील तर अहिल्याबाईंचं कधी?" महूहून दक्षिणेला, कड्यावर अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला जाम दरवाजा आहे, तिथून खाली उतरून महेश्वर, हा मार्ग तिने दोऱ्याने मोजून आणला होता, पावपट मिळवून. त्यांच्या जन्माला २०२५ मध्ये तीनशे वर्षं झाली तरी आपलं पथक तिथे चालत गेलेलं नाही, हेही सुनावलं. मतदानात दोन्ही बाजीराव मिळून पडले. आम्हा जुन्यांकडे यंदा डाळीचं पातेलं आहे, आणि ते गाडीतून आणायचं, पाठीवर नाही, असा ठराव त्याच बैठकीत झाला.