सॅन स्टॉर्ममध्ये टर्बो इंजिन : लोखंडाचं काम सोपं, ईसीयूने रडवलं

लोक विचारतात इंजिन बदलताना सगळ्यात अवघड काय गेलं, माउंट की ड्राइव्हशाफ्ट की कूलिंग. यातलं काहीच नाही. अवघड गेला तो एक छोटासा ॲल्युमिनियमचा डबा, इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, ज्याला ईसीयू म्हणतात, आणि तो ज्यांच्या ज्यांच्या हातात गेला ती माणसं. अजून आठवलं की डोकं फिरतं. म्हणून सगळं लिहून टाकतोय, इंदूरकडच्या किंवा कुठल्याही माणसाला असलं काही करायचं असेल तर निदान त्याचा तरी वेळ आणि पैसा वाचेल.

आधी गाडी सांगतो. सॅन स्टॉर्म, गोव्यात बनलेली दोन सीटांची छोटी स्पोर्ट्स कार, फायबरची बॉडी, वरचं छप्पर काढता येतं. आत रेनोचं ११४९ सीसीचं आठ व्हॉल्व्हचं साधं इंजिन, टर्बो-बिर्बो काही नाही, साठ हॉर्सपॉवर. दिसायला इतकी देखणी की सिग्नलला लोक थांबून विचारतात, पण हे इंजिन आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या गाडीत चाललंच नाही, त्यामुळे स्पेअर मिळवताना जीव जातो. माझ्या गाडीच्या इंजिनाचं हेड (वरचा भाग) गेलं आणि मी ठरवलं की आता शोधत बसायचं नाही, इंजिनच दुसरं टाकायचं.

निवडलं फियाट लिनियाचं १.४ टी-जेट, टर्बोवालं पेट्रोल इंजिन. हे इंजिन २०१० मध्ये लिनियात आपल्याकडे आलं, १३६८ सीसी, ११४ पीएस आणि २०७ न्यूटन मीटर टॉर्क, तोही २२०० आरपीएमलाच. स्टॉर्मच्या मूळ इंजिनाचा टॉर्क ९३. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि इंजिनाचा आकार छोटा, आडवं बसतं, पुढची चाकं चालवतं. हेच इंजिन नंतर अबार्थ पुंटोमध्ये १४५ हॉर्सपॉवर देत होतं, त्यामुळे ११४ वर ते अगदी आरामात असतं. फियाटवाल्यांना हे सांगायला नको, त्यांचं या इंजिनावर प्रेम आहेच आणि आता माझंही आहे.

लोखंडाचं काम इंदूरजवळच्या पीथमपूरला झालं. आमच्या रामबागेतल्या एका काकांचं तिथे मशीन शॉप आहे, मोठ्या कंपन्यांचे जॉब करतात, हात असा की मायक्रोमीटर बाजूला ठेवून बोटाने सांगतात किती घासलंय. त्यांनी पुठ्ठ्याचे टेम्प्लेट कापून सहा एमएमच्या प्लेटचे माउंट बनवले. गिअरबॉक्स लिनियाचाच ठेवला. ड्राइव्हशाफ्टची (गिअरबॉक्समधून चाकांना ताकद नेणारा दांडा) आतली बाजू लिनियाची आणि बाहेरची स्टॉर्मची लागते, तर जुने दोन शाफ्ट कापून वेल्ड करायचे असं सुचवणारे बरेच भेटले, काकांनी सरळ नाही म्हटलं. "अरे, वेल्ड तुटला तर तू काय करणार आहेस?" म्हणाले, आणि ईएन-२४ स्टीलचे नवीन शाफ्ट बनवून, दोन्हीकडे स्प्लाइन (अडकण्याचे दाते) काढून, हार्डनिंग करून दिले. हे कोणीही वेल्डिंगवर भागवू नका, हात जोडून सांगतो.

आता ईसीयू.

इंजिन घेतलं एका मोठ्या शहरातल्या भंगारवाल्याकडून. नाव लिहीत नाही. फोनवर बोलणं स्पष्ट झालं होतं की मला इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू, बॉडी कॉम्प्युटर, चावी, ॲक्सिलरेटरचं पेडल आणि न कापलेलं वायरिंग हे सगळं एकाच गाडीचं हवं. तो म्हणाला, "भाईसाब, पूरा सेट है, चाबी लगाओ और चलाओ." ट्रान्सपोर्टमधून क्रेट आला, उघडला, इंजिन खरंच सुंदर होतं, कॅमवर कुठे ओरखडा नाही, टर्बोच्या शाफ्टला प्ले नाही. पण वायरिंग फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) करवतीने कापल्यासारखं, वीतभर टोकं लोंबत होती, त्यात एकाच रंगाच्या दोन-दोन वायरी. ईसीयू वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. बॉडी कॉम्प्युटर नाही. चावी नाही. फोन केला तर "वो पीछे से आ रहा है भैया, इंजिन फिट करो तब तक."

फिट केलं. वायरिंग एकेक पिन मीटरने तपासून जोडलं. फ्युएल रेलला साडेतीन बार प्रेशर बरोबर आलं. सेल्फ मारला, इंजिन छान फिरतंय, पण ना स्पार्क, ना इंजेक्टरला पल्स. मल्टीईसीयूस्कॅन, म्हणजे फियाटचे दोष वाचणारं सॉफ्टवेअर, लावलं तर इमोबिलायझरचा (चोरी रोखणारं कुलूप) फॉल्ट, कोड ओळखला जात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फियाटमध्ये चावीत चिप असते, ती बॉडी कॉम्प्युटर वाचतो, आणि तो ईसीयूला सांगतो की हो, ही आपलीच चावी आहे. मग ईसीयू पेट्रोल आणि स्पार्क सोडतो. ईसीयू एकदा एका बॉडी कॉम्प्युटरशी जोडला गेला की दुसऱ्याचं ऐकत नाही. म्हणजे माझ्यासमोर एक उत्तम इंजिन होतं आणि त्याला परवानगी देणारं यंत्रच कुठेतरी भंगारात पडलेलं.

भंगारवाला म्हणतो, "चाबी प्रोग्राम करवा लो, सब चलता है." अहो पण चावी प्रोग्राम कशात करायची, बॉडी कॉम्प्युटर तुम्ही दिलाच नाहीत! बरीच बोलणी झाल्यावर एक बॉडी कॉम्प्युटर आला. खोक्यावर लिनिया लिहिलेलं, स्टिकर बघितलं तर डिझेल गाडीचा. परत फोन. त्यानंतर फोन उचलणं बंद.

मग म्हटलं बॉडी कॉम्प्युटरचा नाद सोडा, ईसीयूतून इमोबिलायझरच काढून टाकू. स्टॉर्मला तसंही फियाटचं बाकीचं डोकं लागणार नव्हतं, आणि हे काम करणारे लोक आहेत, ईसीयू टेबलावर उघडून मेमरी वाचतात, तेवढा भाग बदलतात आणि परत लिहितात. एका ईसीयूवाल्याचं नाव कोणीतरी सुचवलं, ॲडव्हान्स भरला, कुरिअर केलं. इथून खरा वनवास सुरू झाला.

पहिल्यांदा "सर, बेंच पर है." मग "फाइल नहीं मिल रही." मग अडॅप्टर बाहेरून मागवलाय. मग घरात लग्न. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या टिका यायच्या आणि उत्तर नाही. गाडी पीथमपूरच्या शेडमध्ये बोनेट उघडं ठेवून उभी, आतमध्ये तयार इंजिन, आणि काकांना ती जागा जॉबसाठी हवी होती पण ते एका शब्दाने बोलले नाहीत, उलट मीच त्यांच्याकडे जायला संकोचायला लागलो. गणपती आले, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) निघाल्या, रात्रभर सगळं शहर रस्त्यावर, आणि मी त्या गर्दीत उभा राहून त्या माणसाला मेसेज टाइप करतोय. नवरात्र गेलं. ॲडव्हान्स घेतलेला माणूस साधं "होत नाही" एवढं म्हणायलाही तयार नसतो याचा मला सगळ्यात जास्त राग आला. होत नसेल तर परत पाठवा ना! माझ्या वस्तूवर तुम्ही बसून का राहता?

शेवटी बसने गेलो आणि समोर उभा राहून ईसीयू परत घेतला. हातात घेऊन बघितलं तर डब्याच्या कडेचं मूळ सिलिकॉन जसंच्या तसं, स्क्रूवरची फॅक्टरीची पिवळी खूणसुद्धा तुटलेली नाही. म्हणजे इतके महिने त्याने तो उघडलाच नव्हता. ॲडव्हान्स मी तिथेच परत मागितला आणि घेऊनच निघालो.

तिथून थेट पुणं. फियाटचा कारखाना रांजणगावला असल्यामुळे म्हणा किंवा तिकडे लिनिया-पुंटो भरपूर असल्यामुळे म्हणा, पुण्यात या गाड्या मनापासून जाणणारी माणसं आहेत. एका तरुण मुलाने माझ्यासमोर डबा गरम हवेने अलगद उघडला, मेमरी वाचली, आधी मूळ फाइलचा बॅकअप मला पेनड्राइव्हवर दिला आणि मगच बदल लिहिला. मी चहा संपवेपर्यंत काम झालेलं. "दादा, हे एवढंच होतं," म्हणाला. एवढंच होतं!

पीथमपूरला परत येऊन लावला, सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. काकांनी लेथ बंद करून ऐकलं. मला खरंच भरून आलं.

तर जो कोणी असं इंजिन घेणार असेल त्याने आधी पैसे पाठवू नये. व्हिडिओ कॉलवर इंजिन त्याच गाडीत असताना त्याच चावीने सुरू करून दाखवायला सांगा, ईसीयू आणि बॉडी कॉम्प्युटर दोघांच्या स्टिकरचे फोटो त्याच वेळी घ्या, वायरिंग कापायचं नाही हे लिहून घ्या. आणि ईसीयूचं काम शक्य असेल तर स्वतः जाऊन समोर बसून करून घ्या, कुरिअर नको.

एक राहिलं. सुरू झाल्यावर माझी गाडी रेव्हच घेईना, लिम्प मोड, म्हणजे दोष दिसला की ईसीयू ताकद रोखून धरतो तो. कारण ब्रेकच्या पेडलचा स्विच. लिनियात त्या स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात, एक उघडा असताना दुसरा बंद, आणि ईसीयू दोन्ही ताडून बघतो. स्टॉर्मचा स्विच एकाच कॉन्टॅक्टचा. लिनियाचा स्विच बसवला, क्लचचाही बसवला, प्रश्न सुटला. ॲक्सिलरेटर केबलचा चालत नाही, पेडल लिनियाचंच लागतं, त्यातही दोन सेन्सर असतात.

टर्बोचं तेल परत संपमध्ये (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) फक्त उताराने जातं, त्या पाइपला कुठेही वर चढ देऊ नका, नाहीतर सीलमधून तेल जाऊन धूर येतो. तेल फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४० च. आणि फायबरच्या बोनेटखाली टर्बो म्हणजे उष्णतेचा नीट बंदोबस्त हवा, मी एक्झॉस्टला रॅप गुंडाळला, टर्बोवर हीटशील्ड लावली, बोनेटच्या आतून सोनेरी हीट शीट चिकटवली. इंदूरचा मे महिना चाळीसच्या वर जातो, तिथे एक पंखा पुरत नाही, मी दोन लावले.

कायद्याचं पण सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. अपघात झाला तर इन्शुरन्सवालेही हेच बोट दाखवतील. म्हणून माझी स्टॉर्म रस्त्यावर चालत नाही. फ्लॅटबेडवर चढते, खासगी आवारात किंवा ट्रॅक डेला उतरते, आणि परत फ्लॅटबेडवरच घरी येते. हा खर्च धरूनच हिशोब करा. पीथमपूरलाच नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, येता-जाता तो बाहेरून बघतो आणि कधीतरी तिथे स्टॉर्म उतरवायची इच्छा मनात पक्की आहे.

बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) मी कंपनीचाच ठेवलाय. स्टॉर्मची पुढची ब्रेक डिस्क साठ हॉर्सपॉवरच्या हिशोबाची आहे, आधी ती मोठी करायची, काकांनी हबचं माप घेतलंय. त्याआधी मॅपला, म्हणजे ईसीयूतल्या सेटिंगला, हात लावणार नाही.