आमची वाटचाल: तबल्याच्या पुडीपासून जेंबेच्या गळ्यापर्यंत

आमच्याकडे वडिलांपासून तबला-ढोलकीचं काम, पुडी म्हणजे तोंडावरचं चामडं बांधायचं, त्यावर शाईचा काळा गोल भरायचा, वाद्या म्हणजे ताणाच्या चामडी पट्ट्या ओढायच्या, यातच आमचा हात तयार झाला. जेंबेचं डोक्यात घातलं एका वादक मित्राने, म्हणाला तुम्ही चामड्यातली माणसं, तुम्हाला काय अवघड आहे. आम्हालाही तसंच वाटलं. पश्चिम आफ्रिकेतलं वाद्य, अखंड लाकूड कोरून केलेलं, वर बकरीचं चामडं, आणि ते तर आमच्या रोजच्या हातातलं.

पहिलं खोड झकास उतरलं, वर वाटी म्हणजे पोट, खाली नळी, दोन्ही जुळतात तो गळा. चामडं रात्रभर भिजवलं, पाठीच्या कण्याची रेघ बरोबर मधोमध घेतली म्हणजे दोन्ही बाजू सारख्या ताणतात, कड्यांत अडकवून दोरी ओढली आणि खडखडीत सुकू दिलं. वाजवलं तर काठाचा आवाज खणखणीत, पण मधोमध तळवा मारल्यावर जो खर्ज, म्हणजे खोल जाड आवाज, घुमायला पाहिजे तो येईचना.

आता डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतलं डाव्या हाताचं घुमणारं वाद्य, करणाऱ्याला घुमारा चामड्यात आणि शाईत शोधायची सवय, त्यामुळे आम्ही चामड्याच्याच मागे लागलो, सैल केलं, ओढलं, जाड चढवून बघितलं, दीड महिना त्यात गेला. ओढलं की काठाचा सूर चढायचा पण मधला खर्ज जागचा हलायचा नाही, आणि खरं तर उत्तर तिथेच होतं. जेंबेचा खर्ज पोटातल्या हवेचा, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर आवाज येतो ना तसा, पोट केवढं आणि गळा किती रुंद, किती लांब यावर ठरणारा. गळा रुंद झाला की सूर वर जातो. आमचा झाला होता, आणि तासून काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. ते खोड बाजूला ठेवताना फार जीवावर आलं.

दुसऱ्या खोडाला गळा मुद्दाम अरुंद ठेवला, वर चामडं चढवलेलंच आणि खालच्या तोंडातून लांब पटाशी घालून थोडं थोडं तासायचं, दर वेळी वाजवून बघायचं. मध्येच एकदा आवाज पार मेला, सगळे घाबरलो, बघतो तर कारागिराने जेंबे सपाट जमिनीवर टेकवलेला, खालचं तोंडच बंद! तिरका केला आणि आवाज परत आला. शेवटी संध्याकाळी कधीतरी तळवा पडला आणि तो दबका खर्ज एकदम मोकळा झाला, वडील आतल्या खोलीतून उठून बाहेर आले, काही बोलले नाहीत, नुसता खोडावरून हात फिरवला.

बाकी शिकणं चालूच आहे. काठ गोल घासावा लागतो नाहीतर बोटं सोलतात, दोरी कमी ताणणारी पॉलिएस्टरची घेतो कारण नायलॉन सैल पडतं. नवीन चामड्याचा सूर सुरुवातीला उतरतोच, म्हणून महिनाभराने जेंबे परत मागवून आडवी दोरी आम्हीच ओढून देतो. सध्या एकाच मापाचा करतोय, लहान मापाचं खोड कोरायला घेतलंय, त्याचा गळा अजून अरुंदच ठेवलाय.