झडीत रानात वापरायची रेनपँट

हलक्या पण दणकट रेनपँट बाहेरच्या देशांत खास शिकाऱ्यांसाठी बनवल्या जातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विषयच नाही. पण ऐन झडीत रानात पायी हिंडणारे भरपूर आहेत: बीटवर गस्त घालणारे वनरक्षक, ढोरं चारणारे, सात्या (रानातल्या अळंब्या) आणि रानभाज्या काढायला जाणारे. पिशवीत मावेल आणि बोरीच्या काट्यात पहिल्याच दिवशी फाटणार नाही अशी पँट त्यांनाही लागतेच.

लेबलवरच्या ‘ब्रीदेबल’ या शब्दावर पैसे घालवू नका. घामाची वाफ कापडातून बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या दमटपणाच्या फरकामुळे. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात गार वारा असतो, तिथे हा फरक थोडाफार मिळतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सखल रानात मात्र ऑगस्टची हवा आधीच ओलीचिंब आणि वर उबदार. तिथे कितीही महागडी पँट घेतली तरी चालताना मांड्या घामाने भिजणारच. म्हणून कापडाच्या आकड्यांआधी बाजूची चेन बघा. कमरेपासून घोट्यापर्यंत उघडणारी, दोन्ही टोकांनी सरकणारी चेन असेल तर मांडीपाशी उघडी ठेवून वारा घेता येतो आणि गमबूट न काढता पँट चढवता येते. पूर्ण चेनेने वजन वाढतं, पण ते वजन सार्थकी लागतं. खाली निदान गुडघ्यापर्यंत तरी चेन हवीच.

सखल भागात भर पावसात सलग चालायचं असेल, तर माझ्या मते रेनपँट पिशवीतच बरी. पटकन वाळणारी नायलॉन किंवा पॉलिएस्टरची साधी पँट घालावी. जीन्स नको, ती भिजली की जड होते आणि मांड्या सोलते. रेनपँटची खरी गरज लागते मचाणावर बसताना, दुचाकीवर आणि सकाळी कमरेएवढ्या गवतातून जाताना. पाऊस उघडलेला असला तरी ओलं गवत पायांना पावसापेक्षा जास्त भिजवतं.

आता कापड. डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप. १५-२० डेनियरची पँट मुठीत मावते, पण ती मोकळ्या पायवाटेची. येरोणी, बोर, बाभूळ आणि रायमुनियाच्या काटेरी जाळ्यांत ती टिकत नाही. ४० ते ७० डेनियरचं नायलॉन घ्या. अशी तीन थरांची (बाहेरचं कापड, पाणी अडवणारा पडदा, आतलं कापड) पँट साधारण ३०० ते ४०० ग्रॅम भरते. अडीच थरांची, म्हणजे आतल्या कापडाऐवजी नुसता लेप असलेली, हलकी असते, पण तिचा आतला लेप थेट अंगाला घासतो आणि लवकर झिजतो. आत जाळीचं अस्तर असलेली घेऊ नका. त्यात बोट अडकतं, आणि पावसाळा सरता सरता कुसळं शिरली की निघता निघत नाहीत.

पाणी रोखण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो: किती उंच पाण्याचा दाब कापड सोसतं, ते. १ चौरस सेंटिमीटरवर १ किलो भार म्हणजे सुमारे १०,००० मिमी पाण्याचा दाब. ओल्या जमिनीवर एक गुडघा टेकून वाकलात की भार याच्या आसपास जातो. ५,००० मिमीची पँट उभ्याने कोरडी राहते आणि गुडघ्यावर व बुडाला पाझरते, ते यामुळे. १५,००० च्या पुढचा आकडा असू द्या. पँट उलटी करून शिवणीही तपासा: प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी हवी, विशेषतः चारही शिवणी जिथे मिळतात त्या जांघेत. तिथे तिकोनी जोड असेल तर शिवण ताणली जात नाही.

दुकानात रोजच्या पँटवरूनच घालून बघा आणि उकिडवे बसा. पाठीमागे कंबर उघडी पडली किंवा गुडघा आवळला तर एक माप मोठी घ्या. पँट गमबुटाच्या बाहेर सोडायची, आत खोचायची नाही. खोचली की पायावरून ओघळलेलं पाणी सरळ बुटात उतरतं. मात्र काळ्या मातीचा चिखल खालच्या कडेला चिकटून घोट्याच्या आतल्या बाजूला कापड घासून काढतो. तिथे जाड ठिगळ हवंच, पण शिवून नको. सुईचं प्रत्येक भोक गळतं. चिकटणारं ठिगळ कोपरे गोल कापून लावा, जागा आधी स्पिरिटने पुसा आणि रात्रभर दाबून ठेवा. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडावर साधं ठिगळ धरत नाही, त्याला सिलिकॉन सीलंटच लागतं.

कापडाची सरसर हा शिकाऱ्यांच्या पँटमधला मोठा मुद्दा. गस्तीला निघालेल्याने मऊ, आवाज न करणारं कापड बघावं. सात्या काढणाऱ्याने मात्र सरसरीची फिकीर करू नये. अचानक समोर माणूस आला की अस्वल अंगावर येतं. आधी चाहूल लागली तर ते बहुधा बाजूला होतं.

धुताना सौम्य द्रव साबण, दोनदा स्वच्छ पाणी, सॉफ्टनर अजिबात नाही. वरून पाण्याचे थेंब घरंगळायचे थांबले आणि कापड ओलं दिसू लागलं, तर वाळल्यावर सुती फडक्याखाली मंद इस्त्री फिरवा. तरीही थेंब मुरत असतील तर पाणी झटकणारा स्प्रे मारावा लागेल. दमट घडी करून टिनाच्या घरातल्या पेटीत ठेवलेली पँट पुढच्या मृगात चिकट निघते आणि लेपाचे पापुद्रे सुटतात, कारण ओल आणि उष्णता मिळून लेपातलं पॉलियुरेथेन कुजवतात. असा लेप पुन्हा बसत नाही. पूर्ण वाळवून, सैल गुंडाळून भिंतीच्या गार बाजूला टांगा.