दिवसाढवळ्या चंद्र

सकाळी शाळेच्या व्हॅनची वाट बघत उभ्या होतो आणि भाची म्हणाली, ए मावशी, चंद्र बघ, अजून घरी गेला नाही. बघते तर खरंच, पश्चिमेला विजेच्या तारेच्या जरा खाली, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा फिकट, एका बाजूने कुरतडलेला चंद्र. तो दिवसाही दिसतो हे आपल्याला माहीत असतं, पण सकाळच्या घाईत वर कोण बघतंय!

तिचा पुढचा प्रश्न लगेच, तो अर्धवट का आहे? मी पण अगदी कॉन्फिडन्सने सांगून टाकलं की अगं, पृथ्वीची सावली पडते त्याच्यावर. ती गप्प. मला वाटलं पटलं. मग मागे वळून सूर्याकडे बोट दाखवलं, मग चंद्राकडे, मग खाली जमिनीकडे, आणि म्हणाली, पण ते दोघंही वर आहेत आणि पृथ्वी इथे खाली आहे, मग मधे कशी येईल?

तेवढ्यात व्हॅन आली म्हणून वाचले. सात वर्षांची पोर आणि मी इतकी वर्षं हाच गैरसमज घेऊन फिरतेय! सावली पडते ती फक्त ग्रहणात. एरवी चंद्राचा अर्धा भाग कायम उन्हातच असतो, त्यातला किती आपल्याकडे वळलेला आहे त्यावर कोर की अर्धा की पूर्ण ते ठरतं, बस.

हे पटवायला संध्याकाळी खोलीत अंधार केला, एक टेबल लॅम्प लावला आणि पेन्सिलीला प्लास्टिकचा बॉल खोचून तिच्या हातात दिला, म्हणलं हा चंद्र, तुझं डोकं पृथ्वी, आता हात लांब धरून गोल फिर. बॉल लॅम्पच्या दिशेला असताना काळाठिक्कर, जरा वळली की बारीक कोर, अजून वळली की अर्धा, असं करत पाठ लॅम्पकडे झाली आणि बॉल पूर्ण दिसायच्या ऐवजी गुडुप, कारण तिच्याच डोक्याची सावली त्याच्यावर. अय्या ग्रहण! अशी ओरडली की शेजारच्या खोलीतून आई धावत आली. मग बॉल जरा वर धरला तर झाली पौर्णिमा. खऱ्या चंद्राची वाटही अशीच साधारण 5 अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही.

आता ती सुटलीच होती. ससा नेहमी समोरच का दिसतो, चंद्र पाठ का फिरवत नाही? (शशांक म्हणजे सशाची खूण असलेला, मृगांक म्हणजे हरणाची, भाषेनेही दोन्ही प्राणी ठेवून घेतलेत. तो ससा म्हणजे फार पूर्वी लाव्हा पसरून थिजलेली काळी मैदानं, त्यांना नाव मात्र समुद्र. 1969 मध्ये माणूस पहिल्यांदा उतरला तो शांततेच्या समुद्रावर, जिथे पाण्याचा थेंब दिसायचा नाही.) तर मी खुर्चीकडे तोंड ठेवून खुर्चीभोवती फिरून दाखवलं, बघ, माझी पाठ खुर्चीला कधी दिसते का? नाही दिसत. म्हणजे तू स्वतःभोवती फिरतच नाहीस, ती म्हणाली. फिरते गं, बघ ना, आधी माझं तोंड खिडकीकडे होतं, मग कपाटाकडे, मग दाराकडे, खुर्चीची एक फेरी झाली की माझी स्वतःचीही एक गिरकी होते. चंद्राला दोन्हीला सारखेच म्हणजे साधारण 27 दिवस लागतात. मला तीन फेऱ्यांतच चक्कर आली. त्याची पाठ माणसाने पहिल्यांदा पाहिली ती 1959 मध्ये, सोव्हिएत संघाच्या लुना 3 यानाने काढलेल्या फोटोत, आणि तिला अंधारी बाजू म्हणतात ते उगीच, तिथेही दोन आठवडे चांगलं ऊन पडतं.

अंतर दाखवताना मात्र खोली पुरेना. पृथ्वी फुटबॉलएवढी धरली तर चंद्र जवळपास टेनिस बॉलएवढा, आणि तो ठेवायचा कुठे, तर साडेसहा मीटर लांब! पुस्तकातल्या चित्रात दोघं कसे खेटून बसलेले असतात. खरं अंतर सरासरी 3,84,400 किलोमीटर, म्हणजे मधे एकाला एक लावून तीसेक पृथ्व्या बसतील. टेनिस बॉल घेऊन मी दाराबाहेर आणि ती आतून ओरडतेय, अजून मागे, अजून मागे.

झोपताना वजनाचा हिशेब झाला. तिचं 24 किलो, चंद्रावर वजनकाटा 4 दाखवेल. मग मी तिथे खूप उंच उडी मारीन, ती म्हणाली, आणि पडले तरी लागणार नाही ना? म्हणलं, आधी स्पेससूट घाल, तिथे हवा नाही. यावर बराच विचार करून ती झोपली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आम्ही तिथेच. चंद्र कालपेक्षा अजून जरा कुरतडलेला, आणि तारेच्या खाली नव्हता, चांगला वर होता. रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून मावळायलाही उशीर, हे मी सांगणार तेवढ्यात तीच म्हणाली, मावशी, आज हा लेट आहे. व्हॅनही लेट होती.