नायलॉनची साडी, कुंभार्ली घाट आणि तीन दिवसांची गोधडी

उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो तिथेच आमचं भांडण सुरू झालं, म्हणजे भांडण नाही म्हणता येणार, पण आवाज चढले होते एवढं खरं. विषय एकच, गोधडीत सिंथेटिक साडी चालते का. मी पहिल्यापासून नाहीच म्हणणारी. गुहागरला आम्ही दोघी मिळून गोधडीचं तीन दिवसांचं शिबिर घ्यायला निघालो होतो, त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सामानाची यादी मीच टाकलेली आणि त्यात ठळक लिहिलेलं, फक्त जुनं, धुतलेलं, सुती कापड. आणि मैत्रीण गाडी चालवता चालवता म्हणते, अगं पण आता कुणाच्या कपाटात सुती साड्या उरल्यात? आपल्या आज्यांची लुगडी सुती होती, आपल्या आयांच्या अर्ध्या साड्या नायलॉन आणि जॉर्जेटच्या आहेत, आणि गोधडी करायची ती आईच्याच साडीची ना?

यावर माझ्याकडे उत्तर होतं. सुती कापड घाम शोषतं, जितकं धुवाल तितकं मऊ होतं, आणि थरावर थर ठेवले की एकमेकांना धरून बसतात, सुई सरळ खाली जाते. सिंथेटिक सरकतं. तुम्ही एक ओळ घालून होईपर्यंत वरचा थर दोन बोटं पुढे गेलेला असतो. शिवाय उकडतं. हे सगळं मी तिला मल्हारपेठपासून कोयनानगरपर्यंत सांगितलं आणि तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरोबर आहे, तरीही.

गाडीत मागे काय काय होतं म्हणाल तर तीन बॅगा कापडं, दोन इस्त्र्या, सहा कात्र्या, टेलरचे खडू, दोऱ्याची रिळं, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची अंगुस्तानं, आणि सुयांचे डबे तांदळात खुपसून ठेवलेले. हे तांदळाचं मला एका कोकणातल्याच मावशींनी शिकवलेलं, समुद्राकाठच्या दमट हवेत उघडी सुई दोन दिवसांत तांबारते आणि गंजलेली सुई पांढऱ्या कापडात गेली की डाग निघता निघत नाही. माझी एक चांगली दुलई अशीच खराब झालीये म्हणून मी आता याबाबतीत फार काटेकोर आहे.

कुंभार्ली घाट उतरताना आम्ही दोघीही गप्प झालो कारण धुकं होतं आणि समोरून ट्रक येत होते. जानेवारीचा शेवट. खाली पोफळी गाव गेलं आणि काचा उघडल्या तर हवाच बदललेली, अंगाला चिकटणारी, आणि चिपळूणच्या आधीपासूनच आंब्याचा मोहोर. चिपळूणला चहा आणि घावन, मग मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत गुहागर. पहाटे साडेपाचला पुणं सोडलेलं, पोचायला दुपारचा एक वाजला, वाटेत दोनदा थांबलो ते धरून.

घर गुहागरच्या थोडं बाहेर एका वाडीत होतं. पुढे खळं म्हणजे अंगण, त्यावर माटव, म्हणजे मांडव घातलेला, मग पडवी, ओटी, माजघर, मागे पोफळी आणि नारळ. वर्ग पडवीत घ्यायचं ठरलं कारण उजेड तिथे चांगला. टेबलं नाहीतच, चटया. मला हेच आवडतं, गोधडी ही जमिनीवर बसूनच करायची गोष्ट आहे, पाय पसरून, कापड मांडीवर ओढून घेऊन. टेबलावर ती उचलली जाते आणि मग खालचा थर गोळा होतो.

चौदा जणी होत्या, पुण्या-मुंबईच्या नऊ, बाकीच्या चिपळूण आणि आसपासच्या. तीन दिवसात मोठी गोधडी होणं शक्यच नाही म्हणून एक मीटर बाय एक मीटरचं ठरवलेलं, बाळाच्या दुपट्यापेक्षा थोडं जाड. हिशोब सांगते म्हणजे कळेल. ओळी बोटभर अंतरावर घातल्या, म्हणजे साधारण दोन सेंटीमीटर, तर एका मीटरात पन्नास ओळी होतात, म्हणजेच पन्नास मीटर धावदोरा. सवय असलेल्या बाईला एका ओळीला सात-आठ मिनिटं लागतात. पहिल्यांदा करणाऱ्या बाईला दुप्पट. तीन दिवस म्हणजे अगदी काठावर. आणि पूर्ण गोधडी करायची असेल त्यांना मी नेहमी एक गोष्ट सांगते, नऊवारी लुगडं साधारण आठ मीटरचं असतं, त्याचे चार समान तुकडे करून एकावर एक ठेवले की एका माणसाची चार पदरी गोधडी तयार, एक इंचही कापड वाया जात नाही. आमच्याकडे तिला चौघडीच म्हणायचे. आमच्या घरी आजीचं लुगडं विरलं की ते असंच अंथरुणात यायचं.

पहिल्या दिवशी मी थर लावणं, ते सरकू नयेत म्हणून तात्पुरते घालायचे कच्चे टाके आणि धावदोरा शिकवला. कच्चे टाके नेहमी मधून बाहेरच्या बाजूला घालायचे, कडेकडून मध्ये आलात तर सगळी सुरकुती पोटात जमते आणि मग ती काही जात नाही. दोरा हातभरच घ्यायचा, त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि कापडातून पुन्हा पुन्हा ओढून झिजतोही. दोऱ्याला मेण लावायचं. हात घामेजले तर पावडर.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीची कवंदी होती. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात सिद्दी लोक राहतात, मूळ आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, त्यांच्या बायका ही कवंदी करतात. आपण आधी वरचा थर जोडून घेतो आणि मग टाके घालतो, त्या तसं करतच नाहीत. खाली एक साडी अंथरायची आणि कडेपासून सुरुवात, एक तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, शिवायचा, पुढचा तुकडा त्याच्यावर थोडा चढवायचा, असं गोल गोल फिरत शेवटी मध्यावर येऊन थांबायचं. जोडणं आणि टाके घालणं एकाच वेळी. चारही कोपऱ्यांना कापडाचे त्रिकोण घड्या घालून लावतात, त्यांना फुलं म्हणतात. आधी आराखडा काढायचा नाही, मोजपट्टी नाही. आणि कापड? घरात जे जुनं असेल ते. हे वाक्य तिने माझ्याकडे बघत म्हंटलं.

आता त्या ताईंबद्दल लिहायचंय, ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

चिपळूणच्या होत्या, पन्नाशीच्या. पहिला दिवसभर त्यांनी ग्रुपवरच्या यादीप्रमाणे आणलेलं सुती कापड घेऊन गुपचूप टाके घातले, टाके सुरेख, एकसारखे. संध्याकाळी मी सगळ्यांना जळण्याची परीक्षा दाखवत होते, कापडाचा एक दोरा काढायचा, पाण्याच्या ताटलीवर चिमट्यात धरून काडी लावायची. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख होते, बोटात चुरगळते. सिंथेटिक असेल तर वितळून आक्रसतं आणि टोकाला काळा कडक मणी होतो. सगळ्या आपापल्या पिशव्यांतले दोरे आणून देत होत्या. या ताई उठल्या, आत गेल्या, एक निळी साडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हिचा दोरा नको काढायला, मला माहिती आहे ती नायलॉनची आहे, फक्त विचारायचं होतं की हिचं काही होईल का.

आईची साडी होती. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा त्यांच्या तळमजल्यावरचं कपाट पूर्ण पाण्याखाली गेलेलं. आई त्याआधीच दोन वर्षं गेलेली, कपाटात तिच्या चोवीस-पंचवीस साड्या. पाणी ओसरल्यावर सगळं चिखलात, घरात आधी भांडी आणि धान्य आणि माणसं बघायची होती, साड्यांकडे कोण बघणार, आठ दिवसांनी कपाट उघडलं तोपर्यंत सुती साड्यांना बुरशी लागून त्या हातात घेतल्या की फाटत होत्या. एकही वाचली नाही. ही निळी तेवढी बादलीत तीनदा धुतल्यावर होती तशी निघाली.

पडवीत कुणीच काही बोललं नाही. मी उंब्रजपासून जे काही बोलत आले होते ते सगळं खरंच आहे, आजही खरं आहे, पण सुती कापड टिकतं, सुती कापड पिढ्यान्‌पिढ्या जातं असं मी दर वर्कशॉपला म्हणते ना, ते वाक्य त्या क्षणी मला म्हणता येईना.

रात्री जेवण झाल्यावर, कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी आणि सोलकढी होती, आम्ही दोघी खळ्यात ती साडी पसरून बसलो. मैत्रीण एकदाही म्हणाली नाही की बघ मी सांगत होते. आम्ही प्रयोग केले. नुसते नायलॉनचे थर ठेवले तर सरकतात, ते मला माहीतच होतं. मग प्रत्येक पट्टीला मागून तेवढीच सुती पट्टी आधी टाचून घेतली, दोन्ही मिळून एक कापड असल्यासारखी, आणि मग ती कवंदीच्या पद्धतीने कडेपासून लावत गेलो. कवंदीत प्रत्येक तुकडा लावला की लगेच शिवला जातो, त्यामुळे सरकायला वावच राहत नाही! गोधडीच्या पद्धतीत सगळा वरचा थर सुटा पडलेला असतो म्हणून तो पळतो. हे माझ्या इतक्या वर्षांत डोक्यात आलं नव्हतं. सुई मात्र बारीक घ्यावी लागते, जाड सुईने नायलॉनचे धागे ओढले जातात आणि चुण्या पडतात, आणि इस्त्री अगदी कोमट, वरून सुती फडकं ठेवूनच.

दुसऱ्या दिवशी ताईंनी साडी कापायला घेतली. म्हणजे कात्री हातात घेऊन बराच वेळ बसल्या. मी शेजारी बसले, घाई केली नाही. शेवटी त्या घरातल्या काकू माजघरातून आल्या आणि म्हणाल्या, काप गो बाय, पदर तेवढा ठेव. मग तसंच केलं, पदर अख्खा ठेवला, तो मध्यावर येईल असा, बाकीच्याच्या पट्ट्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांची कामं कमीजास्त होत आली होती. माझी आजी गोधडी बंद करण्याआधी मध्ये भाकरीचा एक छोटा तुकडा ठेवायची, गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणून, म्हणजे ती पांघरणाराही उपाशी राहत नाही. मी हे प्रत्येक शिबिरात करते. इथे काकू म्हणाल्या, भाकरीला मुंग्या लागतील, तांदूळ घाला. म्हणून सुयांच्या डब्यातलेच चार-चार दाणे प्रत्येकीने आपल्या गोधडीत घातले. ताईंनी पदराच्या खाली.

परत येताना चिपळुणात त्यांना सोडायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी भिंतीवर पाणी कुठपर्यंत होतं ते हाताने दाखवलं, माझ्या डोक्याच्याही वर. कपाट नवं आहे, वरच्या मजल्यावर ठेवलंय.

घाट चढताना मैत्रीण झोपली, गाडी मी चालवत होते. सगळ्या वाटेभर मी मनात नवीन यादी लिहीत होते. फक्त सुती असं आता लिहिणार नाही. लिहीन की आतले थर आणि पाठ सुती हवी, धुतलेली, लाल आणि गडद रंगाचं कापड ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का ते बघून आणा, आणि वरच्या थरासाठी कुणाची म्हणून जी साडी ठेवलेली असेल ती आणा, कसलीही असो, कापायची तयारी नसेल तरी आणा.

एक प्रश्न मात्र अजून तसाच आहे. नायलॉनचा धागा चिवट आणि आमचा दोरा सुती, दहा-वीस धुण्यांनंतर दोरा आधी तुटेल असं मला वाटतंय, मैत्रीण म्हणते काही होत नाही, टाके जवळ आहेत. ताईंना सांगितलंय की ठेवणीत ठेवू नका, रोज वापरा, पावसाळाभर वापरा, धुवा, आणि कुठे उसवलं तर तसाच फोटो पाठवा. काल त्यांचा पहिला मेसेज आला, गोधडी दोरीवर वाळत घातलेली, पदराची बाजू बाहेर.