आमची वाटचाल : वीतभर वर तरंगणारं भूत

तिकीट काढून आलेल्या लोकांना एका शेडमधल्या अंधाऱ्या खोल्यांतून फिरवून घाबरवणं हा आमचा धंदा. आमच्या पहिल्या खोलीतली काच आठ फूट बाय सहा फूट आहे, दहा मिलिमीटर जाडीची, आणि २००६ पासून ती तिथेच उभी आहे. फर्मचं नाव दोनदा बदललं, भागीदार गेला, कर्ज आलं आणि फिटलं, काच काही हलली नाही. म्हणून वाटचाल तिच्यापासूनच सांगतो.

काचेचं गणित धंद्यातल्या माणसाला समजावायला नको. बाजूच्या चोरखोलीत नट, त्याच्या अंगावर झगझगीत उजेड, समोरचा दिवाणखाना जवळजवळ अंधारात, आणि मध्ये पंचेचाळीस अंशात उभी काच. प्रेक्षकाला नट दिसत नाही, काचेतलं त्याचं प्रतिबिंब दिवाणखान्यात उभं दिसतं, तेच भूत. साधी काच त्या कोनात उजेडाचा जेमतेम दहावा हिस्सा परत फेकते, त्यामुळे चोरखोलीतला दिवा डोळे दिपवणारा लागतो आणि नट बिचारा घामाघूम होतो. नवखे लोक दिवा वाढवायचा सोडून जाड काच आणतात. मग तिच्या पुढच्या आणि मागच्या अंगावरून दोन प्रतिबिंबं उठतात आणि भुताला दोन-दोन खांदे फुटतात. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण ती चूक मीच केली आहे. आमच्या भुताचा डावा खांदा आजही किंचित दुहेरी दिसतो. काच सहा मिलिमीटरची हवी होती, पण एवढ्या मापाची पातळ काच उभी करायला सुतारकाका तयार होईनात. ‘ती आधी वाजेल, मग फुटेल, आणि मग तुम्ही मला विचाराल,’ म्हणाले.

काका नाटकाच्या नेपथ्यातून आलेले. भागीदारीच्या कागदावर त्यांचं नाव नाही. मी तेव्हा विचारलं होतं. ‘कागद नको, दर शनिवारी पैसे द्या,’ एवढंच ते म्हणाले. (पुढे काही शनिवार हुकले. ते येईलच.)

पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा भूत दिवाणखान्याच्या जमिनीपासून वीतभर वर उभं! आराखडा माझाच होता. शेडचा उतार भरून काढायला चोरखोलीत चौथरा टाकला होता आणि तो मी वीतभर जास्त उंच धरला होता. उभी काच उंचीच्या बाबतीत खोटं बोलत नाही, तिकडे माणूस जेवढा वर, इकडे भूत तेवढंच वर. काकांनी मला एक शब्द ऐकवला नाही. करवत घेतली, चौथऱ्याचे चारही पाय वीतभर कापले आणि भूत जमिनीवर आलं. आराखड्यावर मात्र ती दुरुस्ती करायची मी विसरलो. हे लक्षात ठेवा.

ही युक्ती आमची नव्हे, हे सांगण्यात कमीपणा नाही. २४ डिसेंबर १८६२ ला लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी असं भूत लोकांसमोर उभं केलं आणि जग त्याला आजही पेपरचं भूत म्हणतं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या इंजिनिअरची. पण त्याच्या पद्धतीने करायचं तर नाट्यगृहच नव्याने बांधावं लागलं असतं, म्हणून कोणी त्याला दारात उभं केलं नाही. पेपरने ती साध्या सभागृहात बसवून दाखवली. पेटंट दोघांच्या नावावर झालं, पैशाचे हक्क पेपरकडे गेले आणि नावही त्यालाच चिकटलं. डर्क्सने १८६३ मध्ये अख्खं पुस्तक लिहून आपलं गाऱ्हाणं मांडलं. काही उपयोग झाला नाही. मी तर चार पानंच लिहितोय.

भुताइतकंच महत्त्व मी गल्लीला, म्हणजे दारापासून पहिल्या खोलीपर्यंतच्या अंधाऱ्या वाटेला, देतो. रॉबर्ट बार्करने १७८७ मध्ये गोलाकार चित्राचं पेटंट घेतलं आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरला त्यासाठी खास इमारत उभी केली. चित्रापर्यंत लोकांना अंधाऱ्या वाटेने नेलं जाई. बाहेरचा उजेड डोळ्यांतून पुसला गेला की समोरचं रंगवलेलं आकाश खरं वाटायला लागतं. नेदरलंड्समधल्या हेगमध्ये मेसडाग या चित्रकाराने १८८१ मध्ये केलेलं असलंच चित्र अजून जागेवर आहे, १४ मीटर उंच आणि १२० मीटर घेराचं. बघणारा आणि कॅनव्हास यांच्यामध्ये खरी वाळू पसरली आहे, त्यामुळे वाळू कुठे संपते आणि रंग कुठे सुरू होतो ते डोळ्याला कळत नाही. हल्ली नवीन पोरं येतात, जागेचा नकाशा दाखवतात, त्यात दार उघडलं की थेट पहिली खोली! मी विचारतो, गल्ली कुठे आहे? जागा वाया जाते म्हणतात. अहो, तिकीट गल्लीचंच असतं! बावीस पावलं आणि एक वळण, याहून कमी नको. काळा रंग मॅटच लावा, चमकणारा लावाल तर भिंती कुठे आहेत ते दिसेल. दचकवायचं असेल तर मागून दचकवा, माणूस पुढे पळतो आणि रांग सरकते. पुढून दचकवलंत तर तो मागच्याच्या अंगावर जातो आणि तुमचं वेळापत्रक कोसळतं. दर चार मिनिटांनी सहा जण सोडले तर तासाला नव्वद होतात. एका घोळक्याने दोन मिनिटं खाल्ली की ती संध्याकाळपर्यंत वसूल होत नाहीत. आणि वास जपून वापरा. आवाज बंद करता येतो, दिवा बंद करता येतो, वासाला बटण नसतं. आमच्या चौथ्या खोलीत ओल्या मातीचा वास दोन वर्षं रेंगाळला, तिथे नंतर अंतराळयान केलं तरी.

२००९ ते २०१६ धंदा चांगला चालला.

आता भागीदाराबद्दल. तो २०१० मध्ये आला. पैसा थोडा आणि डोकं भरपूर घेऊन आला हे मान्य करतो. सात खोल्यांचे सेन्सर, रिले, दिव्यांना हुकूम देणाऱ्या डीएमएक्सच्या वायरी, कंप्रेसरच्या नळ्या, सगळं त्याने एका टेबलावर आणलं. त्याआधी भूत बाहेर पडायची वेळ झाली की मी दोरी ओढायचो. २०१७ मध्ये एका सकाळी कपाट उघडलं तर आराखड्यांची गुंडाळी नाही आणि तोही नाही. चार महिन्यांनी आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्याचा फलक लागला. आत एक मोठं दालन, चारही भिंतींवर प्रोजेक्टरने पसरवलेली चित्रं, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर ‘भुताची खोली’. माझी काच. म्हणजे तशीच.

त्याची वेळ मात्र अचूक होती, हे कबूल. २०१८ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला एका जुन्या ओतकामाच्या कारखान्यात भिंतींवर चित्रं पसरवणारं आतेलिए दे ल्युमिएर उघडलं, जूनमध्ये टोकियोला त्याच जातीचं टीमलॅबचं बॉर्डरलेस. पुढे व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांनी जगभरच्या भिंती भरून गेल्या. एकमेकांसारख्या नावांची इतकी प्रदर्शनं निघाली की आपण नक्की कोणाचं तिकीट काढलं ते लोकांना कळेना. व्हॅन गॉग १८९० मध्ये गेला. इतक्या जुन्या मयत चित्रकाराला मानधन द्यावं लागत नाही, संहिता लिहावी लागत नाही आणि नट आजारी पडत नाहीत. धंदा म्हणून बिनतोड. (त्या लाटेतली एक मोठी कंपनी, लाइटहाउस इमर्सिव्ह, २०२३ मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागायला कोर्टात गेली. मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही.)

माझं डोकं मात्र तेव्हा फिरलं. कर्ज काढून मी बारा प्रोजेक्टर घेतले, तेही वापरलेले, दिव्याचे. ज्याने वापरलेले घेतलेत त्याला पुढचं सांगायला नको. प्रत्येकाच्या दिव्याचं वय वेगळं, म्हणून एक भिंत पिवळट तर दुसरी निळसर. रोज सकाळी दोन तास कडा जुळवायच्या. दुपारी शेड तापली की सांगाडा सरकायचा आणि भिंतीवरच्या समुद्राला उभी शिवण पडायची. हे सगळं सोसलं असतं. पण प्रोजेक्टरचा काळा हा काळा नसतोच, राखाडी असतो. दोन प्रोजेक्टर जिथे एकमेकांवर चढतात तिथे तो राखाडी दुप्पट. रात्रीचा देखावा लावला की भिंतीवर उजेडाचे पट्टे. बारा वर्षं अंधार विकणारा मी, आणि माझ्याच शेडमध्ये मला अंधार करता येईना!

त्यातच जानेवारी २०१९ मध्ये पोलंडच्या कोशालिनमधली बातमी आली. एका एस्केप रूमला, म्हणजे कोडी सोडवून बाहेर पडायच्या बंद खोलीला, आग लागली आणि आत अडकलेल्या पाच मुली गेल्या. त्या रात्री मी आमच्या सातही खोल्यांची दारं मोजली. १९८४ मध्ये न्यू जर्सीच्या एका भूतबंगल्यात लागलेल्या आगीत आठ मुलं गेली होती, हे मला माहीत होतं आणि तरीही आमच्या दोन दारांना साधी कडी होती. दुसऱ्या दिवशी खेळ बंद केले. सगळीकडे वीज गेली की आपोआप सुटणारे चुंबकी कुलूप, आतून ढकलून उघडणारी दारं, पडद्यांना आग न धरणारं कापड, छताला पाण्याचे फवारे. दोन महिने तिकीट नाही, वर प्रोजेक्टरचे हप्ते. काकांचे शनिवार हुकले ते याच वेळी. शेवटी मी काच विकायला काढली. दोन गिऱ्हाइकं आली, डावा खांदा बघून परत गेली.

इथे मास्तरांबद्दल सांगायला हवं. निवृत्त चित्रकला शिक्षक, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारच्या खेळाला एकटे यायचे. पास देऊ केला तर घेतला नाही. ‘तिकीट काढलं की तक्रार करता येते,’ असं त्यांचं म्हणणं. वही काढून उभ्या-उभ्या लिहायचे : पंख्याचा आवाज भुताच्या आधी येतो, तिसऱ्या खोलीतली सावली दोन बाजूंनी पडते, खांदा. खांदा दर महिन्याला असायचाच. बघणाऱ्याला देखाव्याच्या आत ओढणाऱ्या खेळाला इंग्रजीत इमर्सिव्ह म्हणतात, त्याला आपल्या भाषेत काय म्हणावं यावर आमचा वाद चालला होता, तेव्हा त्यांनीच ‘अंतर्भूत’ हा शब्द काढला. आमच्या धंद्याला याहून शोभणारा शब्द मला तरी माहीत नाही.

मी काच विकायला काढल्याचं कानावर आल्यावर मास्तर न सांगता भागीदाराकडे गेले, रीतसर तिकीट काढून, आणि तिथून थेट माझ्याकडे आले. ‘तुमच्या भागीदाराचं भूत,’ बसायच्या आत म्हणाले, ‘जमिनीला पाय लावत नाही. वीतभर वर आहे.’

मी आणि काका एकमेकांकडे बघत राहिलो. गुंडाळीतला आराखडा! चौथरा त्याने माझ्या कागदाबरहुकूम बांधला होता, माझ्या चुकीसकट. सात वर्षं त्या खोलीत राबला, पण कापलेले पाय कधी त्याच्या नजरेला पडले नव्हते. मी इतका हसलो की खोकला आला. हसू ओसरल्यावर मास्तरांनी वहीचं पान उलटलं. ‘लोकांना मात्र ते आवडतंय,’ ते म्हणाले. ‘माझ्या पुढची मुलगी आईला सांगत होती, हे खरं भूत, तरंगतं. तुमचं नुसतं उभं असतं.’

ही जखम अजून भरलेली नाही. चौथरा पुन्हा उचलावा असं मला आठवडाभर वाटत होतं. काका नाही म्हणाले. ‘तुम्हाला उंच हवं असेल तर तुम्हीच चढा स्टुलावर.’

२०२० मध्ये सगळंच बंद झालं, त्याचंही आणि माझंही. माणसांना एका खोलीत कोंबून एकमेकांच्या अंगावर ओरडायला लावणं हाच आमचा माल, तेव्हा काय बोलणार. मास्तरांचा मात्र दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी फोन यायचा. ‘काच पुसलीत का?’ मी ‘हो’ म्हणायचो. खोटं बोलवत नसे म्हणून फोनच्या आधी तासभर शेडमध्ये जाऊन मऊ सुती फडक्याने पुसून यायचो. प्रोजेक्टर मिळेल त्या भावात गेले. भागीदाराने नंतर पुन्हा उघडलं नाही. त्याची काच कुठे गेली ते मी विचारलं नाही.

आता आमच्याकडे पाच खोल्या आहेत, एकही प्रोजेक्टर नाही, आणि दारात फोन ठेवायची पेटी आहे. हल्ली माणसं ‘आत काय आहे’ असं विचारत नाहीत, ‘फोटो काढू देता का’ असं विचारतात. नाही म्हटलं की निम्मी परत जातात. जाऊ देत. न्यूयॉर्कमध्ये ‘स्लीप नो मोअर’ हे नाटक २०११ पासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत चाललं. प्रेक्षकांच्या तोंडावर मुखवटे, बोलायला बंदी, हवं त्या मजल्यावर हिंडा. मुखवटा चढला की माणूस बघणारा राहत नाही, तोच थोडा भूत होतो. हे मी स्वतः पाहिलं नाही, पण आमच्या गल्लीत विसाव्या पावलाशी अनोळखी माणसं एकमेकांचा हात धरतात ते रोज पाहतो. बाहेर आल्यावर सोडतात आणि ओळखही दाखवत नाहीत. हे फोटोत येत नाही. म्हणूनच कदाचित आमची जाहिरात नीट होत नाही.

परवा काकांना मी डर्क्स आणि पेपरची गोष्ट सांगितली. कल्पना याची, नाव त्याचं, बघा कसा अन्याय. मला अर्थातच भागीदार म्हणायचा होता. काका बिजागरीला तेल घालत होते. म्हणाले, ‘आणि ती काच उभी कोणी केली होती? पाचर कोणी मारली?’

मी घरी जाऊन शोधलं. सापडलं नाही. सोमवारी फलक रंगवणारा येणार आहे. त्याला द्यायच्या कागदावर काकांचं नाव लिहिलं आहे. काका म्हणतात, आधी दार बघा, अजून कुरकुरतंय.