तीन सोंडा, एक गेंडा

मिक्सरच्या भांड्याला धार लावायची म्हणून पुण्याच्या सोमवार पेठेत गेले होते. दुकानदार म्हणाला, अर्ध्या तासाने या. ऊन मी म्हणत होतं. अर्धा तास कुठे काढायचा, म्हणून त्रिशुंड गणपतीकडे वळले.

या देवळात मी आधीही तीन-चारदा गेलेय. चपला काढायच्या, मोरावर बसलेल्या तीन सोंडांच्या गणपतीला हात जोडायचे आणि चपला जागेवर आहेत ना, हे बघत बाहेर यायचं. सगळं लक्ष चपलांकडे, त्यामुळे दर्शनी भिंत कधी नीट पाहिलीच नव्हती. त्या दुपारी पाहिली, तर तिथे गेंडा! साखळदंडाने जखडलेला, आणि जखडणारे चक्क गोरे शिपाई.

देवळाचं काम सुरू झालं १७५४ साली, म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत. जाणकार सांगतात, गेंडा म्हणजे बंगाल-आसाम आणि त्याला बांधणारी ती इंग्रजांची कंपनी. असेलही. मला वेगळाच प्रश्न पडला. त्या पाथरवटाने गेंडा पाहिला कुठे? सवाई माधवरावांच्या शिकारखान्यातला गेंडा गंगाराम तांबटाने चितारला तो १७९० मध्ये, आणि हे देऊळ तर १७७० सालीच पुरं झालेलं. मग कुणी उत्तरेकडून आलेला गोसावी सांगत बसला असेल का, "अरे, कातडं चिलखतासारखं, आणि शिंग डोक्यावर नाही, नाकावर!" आणि पाथरवट मनात म्हणाला असेल, काहीही फेकतोय, पण काढून तर बघू.

फेकण्यात आमची आजीही कमी नव्हती. तिचा हात धरून पेठांतून हिंडताना प्रत्येक देवाच्या नावाची गोष्ट मिळायची. पासोड्या विठोबाजवळ पासोड्या विकायच्या, हे ठीक. पण डुल्या मारुती का डुलतो, याचं कारण दर वेळी नवं. उपाशी विठोबापाशी आल्यावर म्हणाली, "नैवेद्य आणणारी बाई माहेरी गेली, ती आलीच नाही." मला रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी फ्रॉकच्या खिशातून अर्धा बेसनाचा लाडू नेला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून पायरीच्या कोपऱ्यात ठेवला. त्या नावाचं खरं कारण पुढे कुणीतरी सांगितलं होतं, कुणा उपास करणाऱ्या भक्ताचं काहीतरी. मी ते फारसं मनावर घेतलं नाही. माझ्या लेखी ती बाई अजून माहेरीच आहे.

गेंड्यासमोर बराच वेळ उभी होते. कोरीव पाठीवर धूळ बसलेली. हात लावावासा वाटला, लावला नाही.

घरी येऊन सगळ्यांना गेंडा सांगितला. लेक म्हणाली, "फोटो?" काढलाच नव्हता. मग तिने विचारलं, "आणि भांडं?"

ते अजून सोमवार पेठेतच आहे.